कानाला दाणा चिकटवून चिंताविकार जात नाही

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवरून एक मेसेज गेले काही दिवस अख्ख्या कोल्हापुरात फिरतोय. थोडक्यात असा: कानाच्या वरच्या भागात ‘शेनमेन’ नावाचा बिंदू असतो. तिथं सुई टोचून घ्या किंवा मेथीचा दाणा पट्टीनं चिकटवून दिवसातून तीनदा दाबा. अँझायटी मुळापासून जाते, गोळ्या कायमच्या सुटतात, साइड इफेक्ट शून्य, कसल्याही तपासणीची गरज नाही. जोडीला पाच हजार वर्षांचं शास्त्र, डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) आणि सरकारची मान्यता, ‘संशोधनानं सिद्ध’, व्हेगस नर्व्ह (मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी नस) आणि पूर्वजांचं कान टोचणं, सगळंच आहे. एवढं सगळं एका दाण्यात म्हणजे नाद खुळाच. एकेक मुद्दा घेऊ.

पाच हजार वर्षं? कानावर शरीराच्या एकेका भागाचा बिंदू दाखवणारा, उलट्या गर्भासारखा नकाशा मांडला तो पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरनं, ल्यों शहरात, १९५० च्या दशकात. सायटिकासाठी (कंबरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी) कानावर डाग देऊन घेतलेले पेशंट त्याच्याकडे यायचे, त्यावरून त्याला हे सुचलं. १९५७ मध्ये ते छापून आलं, मग चीनमध्ये पोचलं आणि तिथं त्यात भर पडली. जुन्या चिनी ग्रंथांत कानाचा उल्लेख आहे, हा नकाशा नाही. म्हणजे हे ‘प्राचीन शास्त्र’ आपल्या शिवाजी विद्यापीठापेक्षा पाचच वर्षांनी थोरलं. नवं आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, पण मग जुनेपणाचा दाखला तरी देऊ नका.

डब्ल्यूएचओची १९९० मध्ये ल्योंला बैठक झाली, हे खरं. पण ती कानावरच्या बिंदूंची नावं सगळीकडे सारखी असावीत म्हणून होती. नाव ठरलं म्हणजे गुण सिद्ध झाला असं होत नाही. तेच सरकारी मान्यतेचं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचारासाठी, २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. पण हा व्यवसाय कोणी आणि कसा करावा, एवढंच असा कायदा बघतो.

पूर्वजांबद्दल म्हणाल तर सुश्रुतसंहितेत बाळाचे कान टोचण्याची कारणं रक्षण आणि भूषण अशी दिली आहेत. शिवाय गुजरीतला सोनार टोचतो ती कानाची पाळी. शेनमेन असतो वरच्या त्रिकोणी खोलगट भागात. भिकबाळीसुद्धा तिथं नसते, कडेला असते. आणि कान टोचल्यानं अँझायटी टळत असती, तर आपल्याकडे बायकांना ती जवळपास व्हायलाच नको होती. प्रत्यक्षात चिंताविकार बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतात.

व्हेगस नर्व्हचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा. या नसेची एक फांदी कानात येते हे खरंच आहे. पण ती मुख्यतः कानाच्या भोकाजवळच्या खोलगट वाटीत पसरते, शेनमेनच्या त्रिकोणात नव्हे. व्हेगसला विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र अमेरिकेत १९९७ मध्ये फिट्ससाठी आणि २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी मंजूर झालं. ते ऑपरेशन करून छातीत बसवतात आणि त्याची तार मानेतल्या नसेला जोडतात. त्याचं श्रेय मेथीच्या दाण्याला कसं मिळेल?

आता ‘संशोधनानं सिद्ध’. इथं जरा थांबू, कारण संशोधन आहेच. येल विद्यापीठातल्या २००१ च्या एका प्रयोगात ५५ स्वयंसेवकांचे तीन गट केले: एकाला शेनमेनवर सुई, दुसऱ्याला ‘रिलॅक्सेशन’ नावाच्या बिंदूवर, तिसऱ्याला संबंध नसलेल्या जागी. बेचैनी कमी झाली ती रिलॅक्सेशनवाल्यांची. शेनमेनचा गट त्यांच्या मागेच राहिला! मेसेज लिहिणाऱ्यानं हा प्रयोग वाचला असता तर निदान बिंदू तरी बदलला असता. २००७ मध्ये जर्मनीत दात काढण्याआधी कानात सुया लावल्या, तेव्हाही पेशंटची भीती कमी झालेली दिसली.

पण ही कुठली भीती? डेंटिस्टच्या खुर्चीतली, ऑपरेशनआधीची. ती आज असते आणि दात निघाला की उतरते. चिंताविकार वेगळा. सततच्या चिंतेच्या विकाराचं निदान करताना सहा महिने बहुतेक दिवस काळजी, झोपेची वाट लागणं, अंग आखडणं, कामात लक्ष न लागणं असं सगळं बघतात. अर्ध्या तासाच्या आरामावरून त्या आजाराचा इलाज झाला म्हणायचं, ही या मेसेजमधली खरी लबाडी. कानातल्या सुयांची मोठी परीक्षा कोकेनच्या व्यसनावर झाली. अमेरिकेत ६२० पेशंट होते, निकाल २००२ मध्ये आला. खऱ्या बिंदूंवरच्या सुया ना भलत्या जागच्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, ना नुसत्या आरामाच्या व्हिडिओपेक्षा.

‘पण आमच्या वहिनींना फरक पडला.’ पडला असेल. अँझायटी मुळातच कमी-जास्त होत राहते आणि माणूस उपाय शोधतो तो ती टोकाला गेल्यावर. त्यानंतर उतार बहुधा येतोच. शिवाय अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी मायेनं विचारपूस करणं, यानंही बरं वाटतं. वहिनींना बरं वाटलं याचा आनंदच आहे.

सगळ्यात घातक ओळ गोळ्या सोडायची. चिंताविकारात साधारणपणे देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, असं काहीही होऊ शकतं. घरचे म्हणतात, आजार उलटला. झोपेच्या किंवा चटकन शांत करणाऱ्या काही गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर त्या अचानक सोडल्यावर फिट्ससुद्धा येऊ शकतात. डोस उतरवायचाच तर तो लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ज्याला गोळ्या नकोच आहेत त्याच्यासाठी सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशन पद्धत आहे, आणि तिचा पुरावा भक्कम आहे.

‘साइड इफेक्ट शून्य’ हेही तपासू. कानाच्या कूर्चेला, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या मऊ हाडाला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथं पू झाला तर औषध पोचायला वेळ लागतो आणि कानाचा आकार बिघडू शकतो. गंगावेश तालमीत पैलवानांचे सुजून घट्ट झालेले कान पाहिलेत ना? तिथं कारण मार लागून साकळलेलं रक्त असतं, पण बिघडते ती हीच कूर्चा. नुसत्या दाण्यानं सहसा एवढं होत नाही. कानात दिवसचे दिवस ठेवलेल्या सुईनं होऊ शकतं.

शेवटचा दावा, ‘कसल्याही तपासणीची गरज नाही’. थायरॉइड ग्रंथीचं काम प्रमाणाबाहेर वाढलेलं असलं तरी छातीत धडधड, हात थरथरणं, घाम आणि झोप उडणं हेच सगळं होतं. ते टीएसएचच्या साध्या रक्ततपासणीत कळतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे आधी ती करून घ्या. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला आणि बोलायला कुणी नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.