जुनी प्रवासी विमानं जमवायची आहेत? आधी जमिनीवरचं गणित मांडा

जुन्या प्रवासी विमानांचा मेळावा म्हटलं की आयोजक आधी यादी करायला बसतात. दोन इंजिनांचं डाकोटा (डीसी-३) हवं, चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन हवं, जमलं तर तीन इंजिनांचं जर्मन युंकर्स ५२ पण हवं. यादी जितकी लांब तितका मेळावा मोठा, असा समज. मला हे अजिबात पटत नाही. जितकी विमानं तीन दिवस नीट सांभाळता येतील आणि चौथ्या दिवशी धडधाकट परत पाठवता येतील, तेवढीच बोलवा. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पंधरा विमानांपेक्षा लोकांना आत शिरता येईल अशी पाच कधीही चांगली.

शक्य असेल तर एकाच जातीची बोलवा. जून २०१९ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईला ७५ वर्षं झाली, तेव्हा इंग्लंडमधल्या डक्सफर्डला वीसहून अधिक डाकोटा जमली होती. डाकोटांचं बरं असतं, बहुतेकांना प्रॅट अँड व्हिटनीचं तेच चौदा सिलिंडरचं आर-१८३० इंजिन असतं. एकाचा मेकॅनिक दुसऱ्याच्या कामी येतो, प्लग आणि टायर उसने मिळतात. पाच जातींची पाच विमानं आणलीत, तर टो-बारसुद्धा, म्हणजे विमान ओढायचे दांडेसुद्धा, वेगवेगळे लागतात. आणि डाकोटा ओढण्याआधी शेपटीच्या चाकाचं लॉक काढलंय ना, हे प्रत्येक वेळी बघा. लॉक तसंच ठेवून वळवलं की पिन तुटलीच.

आता इंधन. डाकोटाला तासाला साधारण ३५० ते ४०० लिटर अ‍ॅव्हगॅस (पिस्टन इंजिनांचं विमानी पेट्रोल) लागतं, सुपर कॉन्स्टेलेशनला दीड हजारांच्या आसपास. पाच डाकोटांना परतीसाठी प्रत्येकी हजार लिटर धरलं तरी पाच हजार झाले. बऱ्याच विमानतळांवर जेट इंधन भरपूर असतं, पण अ‍ॅव्हगॅस नावापुरतंच, त्यामुळे टँकर काही आठवडे आधीच ठरवून ठेवा. चुकीचं इंधन भरलं जाण्याचा धोकाही खरा आहे. जेट इंधनाच्या नळीचं तोंड मुद्दाम रुंद ठेवतात, म्हणजे ते छोट्या पिस्टन विमानाच्या टाकीत शिरत नाही. पण या जुन्या विमानांच्या टाक्यांची तोंडं मोठी असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणून भरताना विमानाचा स्वतःचा माणूस पंखावर उभा असलाच पाहिजे. १०० एलएल या अ‍ॅव्हगॅसचा निळा रंग त्याने डोळ्यांनी बघावा, मगच झाकण उघडावं.

धावपट्टीचा हिशेब जुन्या मॅन्युअलवरून करू नका. कॉन्स्टेलेशन, डीसी-६ यांच्या मोठ्या इंजिनांचे पूर्ण शक्तीचे आकडे ११५/१४५ या जास्त ऑक्टेनच्या ग्रेडच्या पेट्रोलवर काढलेले आहेत. ते आता मिळत नाही. १०० एलएलवर मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरांत जाणाऱ्या हवेचा दाब) कमी ठेवावं लागतं, शक्ती कमी मिळते, धाव लांबते. विमान चालवणाऱ्यांकडून आजचे आकडे लेखी मागवा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र उभ्या विमानाचं होतं, आणि नेमकं तेच आयोजकांच्या गावी नसतं. रेडियल इंजिनाचे सिलिंडर गोलाकार लावलेले असतात, त्यातले खालचे उलटे. इंजिन बंद पडून राहिलं की तेल झिरपत झिरपत खालच्या सिलिंडरांत साठतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला की पिस्टन वर येताना त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाईट म्हणजे तो लगेच मोडेलच असं नाही. इंजिन सुरूही होतं, आणि रॉड पुढे कधीतरी हवेत तुटतो. म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, डाकोटाला साधारण बारा ते पंधरा पाती समोरून जाईपर्यंत. स्विच बंद असला तरी प्रोपेलर जिवंत आहे असं समजूनच उभं राहायचं. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही आणि उलटही फिरवायचं नाही. उलट फिरवलं की तेल इनटेक पाइपात जातं आणि सुरू करताना परत आत ओढलं जातं. खालचे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, मग पुढचं. याला विमानामागे अर्धा तास लागू शकतो, आणि तेवढा वेळ कार्यक्रमपत्रिकेत ठेवलेला असायलाच हवा. मंचावरून निवेदक घाई करतोय म्हणून कोणी ही पायरी गाळली, तर ते इंजिन तुम्ही घालवलंत.

तेलाची पातळी विमान उतरून इंजिन बंद झाल्यावर लगेच बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी दिसते, कारण तेल इंजिनात उतरलेलं असतं. ती बघून कोणी भर घातली तर इंजिन सुरू झाल्यावर जादा तेल बाहेर येतं. कोणत्या इंजिनाला कोणतं तेल चालतं ते आधी विचारून पिंपं मागवा, आणि प्रत्येक इंजिनाखाली ट्रे ठेवा. ही इंजिनं गळतातच.

सुरू करताना कार्ब्युरेटरमधून भडका उडू शकतो. अशा वेळी स्टार्टर सोडायचा नसतो, इंजिन फिरत ठेवलं की ज्वाळा आत ओढली जाते. तरीही प्रत्येक इंजिनापाशी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक घेऊन एक माणूस हवा. कोरडी पावडर शेवटचा उपाय म्हणून ठेवा, ती अ‍ॅल्युमिनियमला आणि इंजिनाला खाते.

लोकांना आत सोडण्याचं गणित सोपं आहे, पण कोणी करत नाही. डाकोटात लोकांना चढायला एकच दार आणि मधली वाट अरुंद. बारा जणांची एक तुकडी, तिला साडेसात मिनिटं, म्हणजे तासाला ९६. सहा तासांत पावणेसहाशे. पाचही विमानं दिवसभर उघडी राहिली तरी तीन हजारांच्या आतच. पाच हजार तिकिटं विकून सगळ्यांना आत जाण्याचं आश्वासन देणं ही फसवणूक आहे. वेळ छापलेलं वेगळं तिकीट द्या.

डाकोटा शेपटीवर बसतं, त्यामुळे आत चढण चढावी लागते. वयस्कर माणसांसाठी हाताला धरायला काहीतरी हवं. टोकदार टाचा आणि पाठीवरच्या पिशव्या बाहेरच ठेवा. बॅटरी सोडवलेली, चाकं मिटू नयेत म्हणून त्यांच्या लॉक पिना लावलेल्या, कॉकपिटमध्ये सतत एक जाणकार बसलेला. पंखाच्या मागच्या कडेवरचे आणि शेपटीचे हलणारे भाग कापडी आहेत, एका बोटाने भोक पडू शकतं, तिथे हात लावू देऊ नका. डीसी-४ सारखं नाकाखाली चाक असलेलं विमान असेल तर शेपटीखाली टेकू द्या, सगळे मागे जमले की नाक उचललं जातं.

उड्डाणाबद्दल थोडंच लिहितो. १२ नोव्हेंबर २०२२ ला डॅलसच्या प्रदर्शनात बॉम्बर आणि फायटर हवेत धडकून सहा जण गेले. कोणी किती उंचीवर आणि किती अंतरावर राहायचं, हे आधी ठरलेलं नव्हतं. युंकर्स आणि कॉन्स्टेलेशन यांच्या वेगात दुपटीहून जास्त फरक आहे. क्रम, उंची, अंतर सकाळच्या ब्रीफिंगमध्ये ठरवा, हवेत बदलू नका. आणि धावपट्टीच्या तोंडाशी विमानांना ताटकळत ठेवू नका. मंद गतीवर चालत राहिलं की प्लगवर शिसं आणि काजळी बसते, इंजिन तापतं, मग तपासणीत मॅग्नेटो नापास होऊन विमान परत एप्रनवर, म्हणजे उभं राहण्याच्या जागी, येतं.

अजून एक बाब बजेटमध्ये हवीच. एखादं विमान परत जाणार नाही. सिलिंडर जाईल किंवा टायर फुटेल, आणि सुटा भाग यायला आठवडे लागतील. ते कुठे उभं राहील, पार्किंगचं भाडं कोण देईल, रात्री राखण कोण करेल, हे निमंत्रण पाठवतानाच कागदावर लिहा.