सुफळ संपूर्ण झाल्यावर

गोष्ट संपली की नायक-नायिका सुखाने नांदू लागतात आणि प्रेक्षकाने निश्चिंत मनाने घरी जावे, असा सिनेमावाल्यांचा आणि आपला एक अलिखित करार आहे, अशी माझी समजूत होती. वीस-तीस वर्षांपूर्वी सुफळ संपूर्ण झालेल्या चित्रमालिका पुन्हा सुरू करण्याची जी टूम निघाली आहे, तिने या समजुतीच्या पार चिंधड्या उडवल्या आहेत.

नव्या भागाची घोषणा झाली की माझे हाल सुरू होतात. ट्रेलरमध्ये ओळखीची धून पियानोवर, एकेक सूर सुटा करून, मयताला आल्याच्या सुरात वाजते. एक सुरकुतलेला हात जुनी टोपी उचलतो. आणि टीका करण्याच्या पक्क्या तयारीने बसलेला मी नाक ओढू लागतो. ‘हे आजोबा कोण?’ असे घरातल्या तरुण मंडळींनी विचारले की त्यांना जुने सगळे भाग सक्तीने दाखवणे, मधे थांबवून समजावून सांगणे आणि त्यांनी मोबाइल काढला की दुखावले जाणे, हे सर्व ओघाने येतेच.

खरी परीक्षा मात्र चित्रपटगृहात असते. सुखी माणसावर चित्रपट निघत नाही, ही लेखकांची मूळ अडचण आहे. नायकाला पुन्हा कामाला जुंपायचे तर आधी त्याचे सुख काढून घ्यावे लागते, आणि ते सुख मागच्या भागाच्या शेवटी आपल्या डोळ्यांदेखत, टाळ्यांच्या गजरात त्याला दिलेले असते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी अस्वलासारख्या बुटक्या प्राण्यांच्या गावात केवढा आनंदोत्सव झाला होता! २०१५ मध्ये पुन्हा भेट झाली तेव्हा त्यातली जोडी, हान सोलो आणि लेया, विभक्त झालेली, मुलगा वाया गेलेला, आणि त्याच मुलाच्या हातून हानचा अंत. हानला मारून टाका, असे त्याचे काम करणारे हॅरिसन फोर्ड १९८३ च्या वेळीच सांगत होते म्हणे. त्यांचा अर्ज बत्तीस वर्षांनी मंजूर झाला, एवढेच. १९८३ मध्येच मरण पावलेला खलनायक सम्राट मात्र २०१९ मध्ये सुखरूप परतला, आणि कसा परतला याचा खुलासा एका पात्राने ‘कसातरी’ या अर्थाच्या एका शब्दात उरकला.

फोर्ड यांचाच दुसरा नायक, साहसी पुरातत्त्वज्ञ इंडियाना जोन्स, त्याचे तर मला बघवले नाही. २००८ मध्ये वयाचा विचार न करता त्याने लग्न केले, तेव्हा मला वऱ्हाडी असल्यासारखे वाटले होते. २०२३ मध्ये पाहतो तो मुलगा युद्धात गेलेला आणि घटस्फोटाची कागदपत्रे घरी आलेली. १९८१ मध्ये गडगडत येणाऱ्या प्रचंड शिळेपुढे धावलेला हा माणूस आता शेजारच्या गाण्यांच्या दणदणाटाने जागा होतो आणि बेसबॉलची बॅट घेऊन जाब विचारायला जातो. निवृत्तीनिमित्त सहकारी त्याला घड्याळ देतात आणि तो ते रस्त्यातच दुसऱ्याच्या हवाली करतो. हा प्रसंग मला मनापासून आवडला, हेही नमूद करायला हवे. सुरुवातीला संगणकाने त्याला तरुण केले आहे खरे, पण चेहरा चाळिशीचा आणि आवाज ऐंशीच्या घरातला असल्याने मी सारखा मागे वळून कोण बोलले ते पाहत होतो.

‘टर्मिनेटर’ने याहून कडी केली. ज्या पोराला वाचवण्यासाठी १९९१ चा अख्खा चित्रपट खर्ची पडला, त्याला २०१९ च्या भागात पहिल्या काही मिनिटांतच गोळ्या घातल्या. शिवाय मधले तीन भाग घडलेच नाहीत असे समजायचे. ‘हॅलोवीन’ या भयपटमालिकेनेही २०१८ मध्ये १९७८ नंतरचे सगळे भाग असेच विस्मरणात ढकलले. घडलेच नाहीत तर आमचे तिकिटाचे पैसे परत करा, असे कोणी म्हणत कसे नाही, याचे मला नवल वाटते.

पुष्कळ सोसल्यावर माझा एक सिद्धांत तयार झाला आहे: जुन्या भागात ज्याचा संसार धड झालाच नाही, त्याचे पुनरागमन झकास होते. ‘मॅड मॅक्स’च्या बायको-मुलावर १९७९ मध्येच घाला पडला होता, त्यामुळे २०१५ मध्ये त्याचे नव्याने काही उद्ध्वस्त करण्याची सोयच उरली नव्हती, आणि तो चित्रपट सहा ऑस्कर घेऊन गेला. ‘टॉप गन’चा वैमानिक छत्तीस वर्षांनी, २०२२ मध्ये, सडाफटिंगच परतला आणि गल्ला भरभरून गेला. त्याची पहिली प्रेयसी कथेत कुठेच नव्हती, पण निदान तिच्या वकिलाची नोटीस तरी पडद्यावर दाखवली नाही.

म्हणून हल्ली घोषणा झाली की मी आधी जुन्या भागाचा शेवट लावून पाहतो. नायक अविवाहित, एकटा आणि शक्यतो कफल्लक असेल, तर पहिल्या दिवसाचे तिकीट काढतो. तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून हसत उभा असेल, तर मनोमन त्या माउलीची क्षमा मागतो आणि मगच पहिल्या दिवसाचे तिकीट काढतो.