भुंगेऱ्याची पाठ आणि कोरडी हवा

‘नामिब वाळवंटातला भुंगेरा पाठीवरच्या उंचवट्यांनी हवेतलं पाणी ओढून घेतो. तसंच मटेरियल आता तयार झालंय. वीज लागत नाही, कितीही कोरड्या प्रदेशात पाणी मिळेल.’ हा दावा सध्या जोरात फिरतोय. पाण्यासाठी वणवण करणाऱ्यांना आशा दाखवायची, तर ती खरी हवी.

आधी भुंगेरा. उंचवट्यांची टोकं पाणी धरतात आणि मधला मेणचट भाग ते घरंगळू देतो, ही मांडणी 2001 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आली. कल्पना सुंदरच आहे. पण धुक्यात डोकं खाली घालून पाणी पिण्याची सवय 1976 मध्ये नोंदवली गेली ती ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस या दुसऱ्या जातीच्या भुंगेऱ्याची, आणि त्याच्या पाठीवर असे उंचवटे नाहीतच. 2010 मध्ये नॉरगार्ड आणि डाके या संशोधकांनी उंचवट्यांचे व बिनउंचवट्यांचे भुंगेरे कृत्रिम धुक्यात ठेवून पाहिले. पाणी गोळा करण्याच्या क्षमतेत लक्षणीय फरक निघाला नाही. डोकं खाली करून उभा राहिला तोही फक्त ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस.

खरी गफलत ‘कितीही कोरड्या प्रदेशात’ या शब्दांत आहे. धुकं म्हणजे आधीच द्रव झालेले थेंब. ते फक्त अडवायचे असतात. कोरड्या हवेत असते ती वाफ. 30 अंश सेल्सियस आणि 30 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत जेमतेम 9 ग्रॅम वाफ असते, आणि पृष्ठभाग साधारण साडेदहा अंशांपर्यंत थंड झाल्याशिवाय त्यावर दव धरत नाही. शिवाय एक लिटर पाणी होताना सुमारे 2450 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेइतकी. ती कुठेतरी जायलाच हवी. निरभ्र रात्री पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडतो, पण चौरस मीटरला फार तर 100 वॉटच्या आसपास. दहा तासांत, सगळं जुळून आलं तरी, दीड लिटरही होत नाही. पृष्ठभागावर कसलीही नक्षी कोरा, हा हिशेब बदलत नाही. नक्षीने थेंब लवकर धरतात आणि लवकर ओघळतात, एवढंच.

‘वीज लागत नाही’ हे मात्र धुक्याच्या बाबतीत खरं आहे. चिलीतल्या चुंगुंगो गावाला 1990 च्या दशकात डोंगरावरच्या साध्या प्लास्टिक जाळ्यांनी पाणी पुरवलं. पुढे देखभाल ढिली पडली आणि ते थांबलं. अशा जाळीत थेंब भोकांत अडकतात, भोकं बुजतात आणि वारा जाळीला वळसा घालून जातो. इथे पृष्ठभागावरचं संशोधन खरोखर कामी येतं. तारांची जाडी, अंतर आणि लेप नीट जुळवल्यावर नेहमीच्या जाळीच्या पाचपट पाणी मिळू शकतं, असं 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या आणि चिलीच्या संशोधकांनी दाखवलं. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने तर आडव्या तारा काढून फक्त उभ्या ठेवल्या. थेंबांना खाली यायला अडथळाच उरला नाही.

म्हणून असा दावा समोर आला की आधी विचारा: चाचणी कशात झाली? बरेचदा नमुन्यावर ह्युमिडिफायरचं, म्हणजे हवा दमट करणाऱ्या यंत्राचं, धुकं सोडलेलं असतं. मग आर्द्रता किती होती, पृष्ठभाग कशाने थंड केला आणि उघड्यावर रात्रभरात चौरस मीटरला किती पाणी मिळालं, हेही विचारा.