टाइमआउट वाढवून भागलं नसतं शेठ

नमस्कार शेठ, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन गर्दीत बिलाचा प्रोग्राम अडकून काउंटर अडले, गिऱ्हाईक परत गेलं, आमचा फोनही लवकर लागला नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण पुढे तुम्ही लिहिलंय की "नुसता टाइमआउट वाढवायचा होता, पाच मिनिटांचं काम, आणि बिल दिवसभराचं लावलं", ते फार लागलं. (टाइमआउट म्हणजे अडलेलं काम किती सेकंद वाट बघून सोडून द्यायचं ती मर्यादा.) आमचं ऑफिस छोटं आहे, नवीन माणूस आधी रिव्ह्यू बघतो मगच फोन करतो, त्यामुळे यावर गप्प बसणं परवडत नाही.

आम्ही यायच्या आधीच तुमच्या भाच्याने सर्व्हरवरची एसक्यूएलअल्केमी लायब्ररी (तुमचा प्रोग्राम डेटाबेसमध्ये नोंदी लिहितो तो हिच्यामार्फत) १.४ व्हर्जनवरून २.० वर नेली होती. पोरगं हुशार आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत, प्रोग्राम सुरूही झाला, एरर एकही नाही. पण जुन्या व्हर्जनमध्ये नोंद लिहिली की लायब्ररी स्वतःच कमिट करून टाकायची, म्हणजे नोंद कायमची पक्की करायची, आणि २०२३ ला २.० आली त्यात ती सोय काढून टाकलीय, आता कमिट आपणच लिहायचं. तुमच्या प्रोग्राममध्ये ते कुठेच नव्हतं. त्यामुळे पहिल्या काउंटरवर सकाळी तूरडाळ विकली की बिल स्क्रीनवर दिसायचं, छापूनही यायचं, पण मायएसक्यूएलच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसच्या, हिशोबाने व्यवहार उघडाच राहायचा आणि तूरडाळीच्या स्टॉकची ओळ लॉक, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती बदलता यायची नाही. दुसऱ्या काउंटरने साखर विकली तर काही अडचण नाही, तूरडाळ घेतली की ५० सेकंद थांबून १२०५ एरर, म्हणजे लॉक सुटायची वाट बघून टाइमआउट झाला. म्हणून तुम्हाला वाटत होतं की कधी चालतंय कधी नाही, नेटवर्कचाच प्रॉब्लेम आहे.

आता ५० चे ५०० सेकंद केले असते तर गिऱ्हाईक काउंटरवर जास्त वेळ उभं राहिलं असतं, एवढाच फरक. कारण अडवणारं, म्हणजे पहिल्या काउंटरचं, कनेक्शन काही कामच करत नव्हतं, डेटाबेसच्या कनेक्शनच्या यादीत त्याच्यापुढे 'स्लीप' लिहिलेलं आम्ही तुम्हाला स्क्रीनवर दाखवलं होतं, आणि त्याचा व्यवहार दुकान उघडल्यापासून चालू. आणखी एक, अडलं की तुमची माणसं प्रोग्राम बंद करून परत चालू करत होती, त्याने लॉक सुटायचं खरं पण त्या मशीनवरची कमिट न झालेली सगळी बिलं रद्द व्हायची. आम्ही फोनवर बजावलं होतं की बंद करू नका, तरी ते चालूच राहिलं. छापील पावत्यांवरून त्या नोंदी परत घालायला आमचाच माणूस बसला आणि तो वेळ आम्ही बिलात धरलेला नाही, हे रिव्ह्यूत कुठे आलं नाही.

आल्या आल्या आम्ही लायब्ररी १.४ वर परत आणून दुकान चालू करून दिलं. वेळ गेला तो नंतरच्या कामाला. १.४ मध्ये एक सेटिंग चालू केलं की २.० मध्ये कुठे अडेल त्याची वॉर्निंग येते, पण ती कोडमधली ओळ प्रत्यक्ष चालली तरच. म्हणजे विक्री, माल परत, खरेदी, उधारी जमा, एकेक स्क्रीन चालवून बघायची, सापडेल तिथे दुरुस्त करायची, आणि हेही बघायचं की एका बिलाच्या सगळ्या नोंदी आणि स्टॉक एकदमच कमिट होतील, अर्धं बिल कधी राहणार नाही. हे पाच मिनिटांत होत नाही शेठ, घाईत केलं असतं तर मार्चमध्ये स्टॉक जुळला नसता आणि तेव्हाही बोल आम्हालाच लागला असता.

तरी पुढच्या वेळेपासून काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज व्हॉट्सॲपवर लिहून देऊ, फोनचंही काहीतरी बघतो. आणि वार्षिक रिपोर्टची स्क्रीन तेवढी बघायची राहिलीय, ती याच बिलात आहे, वेगळे पैसे नाहीत, दुकान बंद झाल्यावर कधी यायचं ते भाच्याला कळवायला सांगा.