डी व्हॅलेरा अमेरिकेमुळे वाचले नाहीत

आयर्लंडचे नेते एमन डी व्हॅलेरा यांच्याविषयीचा एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतो आहे. माझ्या भाचीने तो स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावानंतर केवळ अमेरिकन नागरिकत्वामुळे ते मृत्युदंडातून सुटले, ब्रिटनशी झालेल्या 1921 च्या करारावर सही करून ते उलटले आणि पुढे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान सर्वांत निराधार. अमेरिकन नागरिकत्वाने जीव वाचत असता, तर उठावाचे एक नेते टॉम क्लार्क वाचायला हवे होते. ते 1905 मध्ये रीतसर अमेरिकन नागरिक झाले होते, तरीही 3 मे 1916 रोजी डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात ज्या पहिल्या तिघांना गोळ्या घातल्या, त्यांत ते होते. हा मजकूर पसरवणाऱ्यांना क्लार्क यांचे नावही ठाऊक नसावे, याची चीड येते.

डी व्हॅलेरांना वाचवले ते वेळेने. त्यांच्यावर खटला चालला 8 मे रोजी, आणि तोवर मृत्युदंडांविरुद्ध जनमत इतके खवळले होते की ब्रिटिश पंतप्रधान ॲस्क्विथ यांना ते थांबवायचे होते. लष्करी न्यायालयांत सरकारी बाजू मांडणारे वकील विल्यम विली यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे: आयर्लंडमधील ब्रिटिश सेनापती जनरल मॅक्सवेल यांनी मृत्युदंडाच्या यादीत पुढे कोण, असे विचारले, डी व्हॅलेरांचे नाव येताच हा माणूस पुढे त्रासदायक ठरेल का, असेही विचारले, आणि विलींनी, तो तेवढा महत्त्वाचा वाटत नाही, असे उत्तर दिले. या संभाषणात अमेरिकेचा उल्लेखही नाही. डी व्हॅलेरांचा जन्म न्यूयॉर्कचा होता आणि पत्नी सिनेड यांनी अमेरिकन वकिलातीकडे धाव घेतली होती, एवढे मान्य करावे लागते. त्याचे थोडेफार वजन पडलेही असेल. पण ‘केवळ’ हा शब्द टिकत नाही.

राष्ट्राध्यक्षपदाचे म्हणाल, तर 1921 मध्ये क्रांतिकारी संसदेने त्यांना प्रजासत्ताकाचे अध्यक्ष म्हणून निवडले होते, हे खरे. परंतु 1937 च्या राज्यघटनेनुसार पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड. डी व्हॅलेरा त्या पदावर आले ते थेट 1959 मध्ये.

करारावर तर त्यांची सहीच नाही. 6 डिसेंबर 1921 रोजी लंडनमध्ये सह्या केल्या त्या आयरिश शिष्टमंडळातील आर्थर ग्रिफिथ, मायकेल कॉलिन्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी. डी व्हॅलेरा आयर्लंडमध्येच राहिले होते. टीकाच करायची तर वाटाघाटींना स्वतः न जाता कॉलिन्स यांना का पाठवले, हे त्यांना विचारावे; न केलेली सही त्यांच्या माथी मारू नये.