इंडोनेशियाचे पाम तेल स्वित्झर्लंडमध्ये 'करमुक्त' नाही

स्वित्झर्लंडने इंडोनेशियाच्या पाम तेलावरचे आयात शुल्क रद्द केले आणि तिथे येणारे सगळे तेल आता 'जंगल न तोडता' तयार झालेले असते, असा एक मजकूर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही शुल्क-सवलत एका व्यापार करारातून आली आहे. एफ्टा देश (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांचा मुक्त व्यापार गट) आणि इंडोनेशिया यांच्यातला हा करार डिसेंबर 2018 मध्ये झाला. 7 मार्च 2021 च्या स्विस सार्वमतात तो निसटत्या बहुमताने टिकला आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला लागू झाला. पाम तेलाचे शुल्क त्यात शून्यावर आलेले नाही. साधारण 20 ते 40 टक्के सवलत मिळते, तीही ठरावीक कोट्यापुरती. सुरुवातीचा कोटा वर्षाला 10,000 टनांचा.

सवलत हवी असेल तर आयातदाराने तेल शाश्वत पद्धतीने तयार झाल्याचे मान्य प्रमाणपत्र दाखवायचे, आणि तेल 22 टनांपर्यंतच्या टाक्यांतूनच आणायचे. ही टाकीची अट मला फार मोलाची वाटते, कारण मोठ्या जहाजात सगळ्या मळ्यांचे तेल एकत्र ओतले की कुठले कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

पण ही अट फक्त सवलतीपुरती आहे. पूर्ण शुल्क भरणाऱ्याला या करारानुसार असा पुरावा द्यावा लागत नाही.

मजूर हक्क आणि पर्यावरणाची कलमे करारात आहेत, हे खरे. मात्र शाश्वततेच्या त्या प्रकरणाला लवादाची तरतूद लागू होत नाही. वाद झाला तर सल्लामसलत, एवढेच. मळ्यात राबणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.