वह्या पुरे झाल्या, आता पगाराचं बोलू

जून उजाडला की आमच्या संस्थेच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात. दोनशे पानी, चकचकीत कव्हर, मागे दात्याचा हात जोडलेला फोटो. गेल्या वर्षीचे अजून संपलेले नसतात. वाढदिवसांचंही तेच. रविवारी सकाळी एकांकडून श्रीखंडपुरी, संध्याकाळी दुसऱ्यांकडून गुलाबजाम, आणि सोमवारी पोरांची पोटं बिघडलेली. देणाऱ्यांच्या मनात खोट नाही. पण मी या संस्थेचे हिशेब बघते, म्हणून स्पष्टच लिहिते: वस्तू भरपूर मिळतात, काम करणाऱ्या माणसांच्या पगाराला कुणी पैसे देत नाही.

आमच्याकडच्या बहुतेक मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. पोर कोयत्याबरोबर गेलं की शाळा सुटलीच. त्याला गावात ठेवायचं तर डाळ-तांदूळ लागतो, हे सगळ्यांना पटकन पटतं. रात्री ताप चढलेल्या पोराजवळ बसायला एक बाई लागते, आणि त्या बाईलाही घर असतं, हे पावती फाडताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि आमच्या संस्थेत पगारावर काम करणाऱ्या ताईंचं काम तर फोटोत मावतच नाही. नवरा वारलेल्या, नाहीतर नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या घरी त्या जातात. अशा घरातल्या मुलांसाठी सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. योजना चांगली आहे, पण फाईल करणं हे दिव्य. आधारवर बाईचं माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचं गावात चालणारं टोपणनाव. मग तलाठी, मग तहसील, मग शाळेचा बोनाफाईड, मग बँकेत केवायसी, मग घरासमोर उभं राहून माय-लेकरांचा फोटो, आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी बाल कल्याण समितीसमोर हजेरी. रोजंदारीवरच्या बाईला एकटीने हे जमत नाही. एक-दोनदा खाडा झाला की ती नाद सोडते. ताई मात्र सोडत नाहीत. एसटीने जातात, रांगेत उभ्या राहतात, गरज पडली तर साहेबांशी वादही घालतात.

आता हिशेब करा. वीस मुलांच्या फाईली मंजूर झाल्या तर वर्षाला ५ लाख ४० हजार रुपये थेट त्या घरांत जातात. हप्ते रखडतात, ते वेगळं रडगाणं. तरी ताईंचा वर्षाचा पगार यापेक्षा कितीतरी कमी आहे. आणि नेमक्या याच पगारावर बोट ठेवून देणगीदार विचारतात, ‘म्हणजे आमचे पैसे पगारातच जाणार का?’ हो, जाणार. जायलाच हवेत.

सीएसआरचंही, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचंही बोलते. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. त्यात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कंपनीतली मंडळी ती आमच्या तोंडावर फेकतात. अहो, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराला आहे! प्रकल्पावर राबणाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. पण हे समजावून सांगेपर्यंत मार्च संपतो आणि पैसे डिजिटल बोर्डाकडे गेलेले असतात. बोर्डावर लोगो चिकटवता येतो ना.

वैयक्तिक देणग्यांना दुसरीच कात्री लागली आहे. नव्या कर प्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची करसवलत नाही, आणि आता तीच प्रणाली आपोआप लागू होते. पूर्वी मार्चअखेर ‘पावती लगेच पाठवा हं’ असे फोन यायचे, ते कमी झाले. कर वाचवण्यापुरतंच देणारे गळाले म्हणून मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण जमाखर्चात खड्डा पडलाय, तो पडलाच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा कुठली आलीय करसवलत! पुढे मुष्टिफंड चालला, घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा केलं गेलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ते दागिने आपल्याला भाषणात आठवतात, पण मला हिशेबनीस म्हणून मोल वाटतं त्या मुठीचं. ती थोडी असे, पण पुन्हा पुन्हा येई. तिच्यावर कुणाचं नाव नसे, आणि ‘ही ज्वारी अमक्याच पोराला घाला’ अशी अटही नसे.

तसंच काहीतरी आज हवंय. दरमहा दोनशे-तीनशे रुपये बँकेतून आपोआप जातील अशी सोय करा, आणि ते कशावर खर्चायचे हे संस्थेवर सोडा. आमच्याच असं नाही, तुमच्या तालुक्यातली कुठलीही धड चाललेली संस्था निवडा. डोळे झाकून मात्र देऊ नका. सार्वजनिक न्यास असेल तर हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात, तेव्हा ऑडिट रिपोर्ट बिनधास्त मागा. आमचा हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, लगेच पाठवते. त्यात पगाराची ओळ शोधा. आकडा बघून ‘एवढाच?’ असं वाटलं, तर मग फोन करा.